कुंडीतली गादी

तात्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्याला पहिला प्रश्न येतो, ‘‘हात धुतलेत?’’ पाहुण्याला वाटतं, पानं घेतली. पानं घेतलेली नसतात. पाहुण्याचं बोट कुंडीत घालायचं असतं. दोन पेरं खोल माती कोरडी लागली तर पाणी द्यायचं, ओल लागली तर थांबायचं, हा घरात पाम वाढवणाऱ्यांचा पहिला धडा तात्यांना तोंडपाठ आहे. पण स्वतःच्या बोटावर त्यांचा भरवसा नाही, कारण त्यांचं बोट बाराही महिने ‘कोरडी’ असंच सांगतं. म्हणून त्रयस्थ बोट लागतं. पोस्टमन, दूधवाला, सिलिंडर आणणारा पोरगा, केदारघाट शोधताना गल्ली चुकलेला एखादा तमिळ यात्रेकरू, सगळ्यांची बोटं त्या कुंडीत जाऊन आली आहेत. बहुमत ‘ओली’ असं पडलं तरी तात्या तांब्याभर पाणी घालतातच. ‘‘अहो, गंगाजल आहे. त्यानं कधी कोणाचं वाईट झालंय?’’

त्यानं मुळं कुजतात. पण काशीत हे कोणी कोणाला सांगायचं?

तात्या हे एका माणसाचं नाव समजू नये. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, तंजावर, जिथे जिथे मराठी माणूस गेला आणि परत निघायचं राहून गेलं, तिथे तिथे एक तात्या असतो. तो कधीही न पाहिलेल्या गावाची आठवण काढतो. कुठला तात्या मोडीतले कागद जपतो, कुठला पणजोबांची पगडी, कुठला कुलदेवीची वर्गणी वेळेवर पाठवून तिकडच्या पुजाऱ्याला जपतो. मी सांगतोय तो काशीचा. हा दिवाणखान्यात झाड जपतो.

घर अमृतराव घाटावर. नारदघाट आणि पांडेघाट यांच्या मधला हा घाट. नावाड्याला अमृतराव घाट म्हटलं तर तो वल्ही थांबवून विचार करतो. राजाघाट म्हटलं की लगेच नाव लावतो. तात्यांनी ‘राजाघाट’ हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नाही. ‘‘राजे पन्नास होऊन गेले. अमृतराव एकच.’’ राघोबादादांनी दत्तक घेतलेले हे अमृतराव पेशवे. 1803 मध्ये वेल्स्लीशी करार करून सालीना सात लाखांचं पेन्शन घेऊन निघाले, कर्वीला आणि काशीला राहिले. इथे दगडी घाट बांधला, वाडा बांधला, अमृतेश्वर आणि विनायकेश्वर स्थापले. तात्यांचे पूर्वज त्यांच्यासोबतच आले, असं तात्या सांगतात. दफ्तरात होते की मुदपाकखान्यात, तेवढा मजकूर वाळवीनं खाल्ला आहे. स्वतः तात्या निवृत्त हिशेबनीस. पेन्शन त्यांनाही आहे, पण ‘‘सात लाखांत आणि आमच्यात थोडा फरक पडतो’’ असं काकू म्हणतात.

कोकण तात्यांनी दोनदा पाहिलं. एकदा गुहागरला कोणाच्या तरी लग्नात, भर पावसात, खिडकीतून. दुसऱ्यांदा आगगाडीतून, रात्री. एवढ्या भांडवलावर ते ‘‘आमच्याकडे दारात माड असतो’’ हे वाक्य बोलू लागले आणि मग ते खरं करणं भाग पडलं. काशीत विश्वनाथापासून संकटमोचनापर्यंत नारळाची रास आहे, पण माड नाही. नारळ दक्षिणेतून येतो, नवसाला लागतो आणि फुटतो. त्यानं इथे मूळ धरावं, हा विचार तात्यांच्या आधी कोणाला सुचला नव्हता. सुचला असला तर ज्यांना सुचला त्यांच्या बायकांनी वेळीच हाणून पाडला असावा.

माडाला वर्षभर सरासरी 27 अंशांच्या आसपास ऊब हवी, आणि हवेत ओल. बनारसमध्ये जानेवारीत पहाटेचा पारा 8-9 वर येतो आणि मे-जूनमध्ये दुपारी 44-45 वर. मधल्या काळात जी बरी हवा असते तेवढ्यात माकडं येतात. काशीतल्या गच्च्यांना लोखंडी जाळ्या ठोकून लोक स्वतःच पिंजऱ्यात राहतात आणि माकडं बाहेरून बघत बसतात, ते काही उगाच नव्हे. तेव्हा माड लावायचा तर घरातच, हे तात्यांनी ठरवलं. काकूंना विचारलं नाही. ‘‘विचारलं असतं तर ठरलं नसतं,’’ हा युक्तिवाद बिनतोड आहे.

पहिला नारळ सोडणासकट आडवा, अर्धा मातीत पुरून ठेवला. चारेक महिन्यांनी कोंब आला. तात्यांनी पेढे वाटले. इथे माडाची एक खोड सांगायला हवी. रोप सुरुवातीला जवळजवळ वर्षभर नारळातल्याच शिदोरीवर जगतं. त्याला ना तुमचं खत लागतं, ना तुमचं कौतुक. पण तेवढ्यात पाळणाऱ्याची खात्री पटते की आपल्या हाताला गुण आहे. शिदोरी संपते तेव्हा खरा हिशेब सुरू होतो, आणि दिवाणखान्यातल्या उजेडावर माडाचं भागत नाही. पहिला माड लूनं नेला. खिडकी उघडी राहिली आणि पंचेचाळीस अंशांचं वारं दुपारभर अंगावर गेलं. दुसरा गच्चीवर उन्हाला नेला असताना एका माकडिणीनं शेंड्याला धरून उपटला. तिसरा पौषातल्या थंडीत शेंड्यापासून गेला. आंब्याची फांदी तोडली तर दुसरीकडून फूट येते. माडाला शेंड्याचा एकच कोंब, तो गेला की सगळंच गेलं. चौथ्याचं कारण तांब्याभर गंगाजल, पण तो अहवाल घरात प्रसिद्ध झाला नाही.

‘मेला’ हा शब्द तात्या वापरत नाहीत. काशीत देह ठेवलेल्याला मोक्ष असतो आणि शास्त्रात त्याला जातीची, योनीची अट घातलेली नाही. तेव्हा माड ‘सुटला’. पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरून ते सुकलेलं रोप प्रवाहात सोडायचे आणि स्नान करून वर यायचे. चौथ्याच्या वेळी काकूंनी दारातच विचारलं, ‘‘सोयर-सुतक किती दिवसांचं धरायचं ते सांगा, म्हणजे लोणचं आज घालायचं की पुढच्या आठवड्यात ते ठरवता येईल.’’

चौथ्यानंतर काशीतल्याच लंका भागातल्या एका रोपवाटिकेतल्या माळ्यानं हात जोडले. ‘‘गुरुजी, नारियल छोड़िए। एरिका लीजिए। घर में भी चलता है।’’ तात्यांनी चौकशी केली. उंची? घरात सहा-सात फूट. उजेड? भरपूर हवा, पण थेट ऊन नको. सकाळचं कोवळं चालेल. झावळ्या? अगदी माडासारख्या, फक्त नाजूक. मूळ ठिकाण? मादागास्कर. इथे तात्या थबकले. परगोत्री. पण वंश तर चालवायला हवा. अक्षय तृतीयेला सायकलरिक्षातून एरिका घरी आली. तात्यांनी तिची ओटी भरली नाही, कारण त्यांच्या मते ती ‘तो’ होती. मांडीवर घेतली, म्हणजे कुंडीला हात लावून मांडी पुढे केली, आणि कानात नाव सांगितलं: अमृतराव.

अमृतराव घरात रुळले ते माळ्याच्या सांगण्यामुळे आणि तात्यांच्या काळजीला न जुमानता. घाटाकडची खिडकी पूर्वेची. इथल्या सगळ्या घाटांना उगवतीचा सूर्य समोर असतो आणि घरात पाम ठेवायला याहून बरी जागा सापडणार नाही. मे महिन्यात खिडकीवर तात्यांचं जुनं धोतर. थंडीत कुंडीभोवती गोधडी. हवेत ओल राहावी म्हणून कुंडीखाली परातीत गोटे आणि पाणी ठेवावं, असं कोणीतरी सांगितलं. तात्यांनी गोटे आणले ते नर्मदेचे. नर्मदेचा गोटा म्हणजे बाणलिंग. काकूंनी परात पाहिली, हात जोडले आणि रोज गंध-फूल वाहायला सुरुवात केली. आता अमृतरावांच्या पायाशी सोमवारी अभिषेक असतो. परातीतल्या पाण्यानं हवेची ओल नावापुरतीच वाढते, पण दिवाणखान्यात भाविकांची वाढली.

झावळ्या पुसणं हा तात्यांचा नित्यनेम. धूळ बसली तर पान उजेड घेत नाही, हे खरंच आहे. तात्या ओल्या फडक्यानं एकेक पाती पुसतात आणि प्रत्येक पातीला विष्णुसहस्रनामातलं एक नाम घेतात. पात्या संपतात तेव्हा नामं उरलेली असतात, म्हणून दुसरी फेरी. टोकं करपली की काकूंची नखं कापायची कात्री लागते. करपलेला भाग अगदी हिरव्यापर्यंत कापायचा नाही, तपकिरी काठ बारीकसा ठेवायचा, नाहीतर करपणं आत सरकतं. टोकं करपतात ती कोरड्या हवेनं, मातीत साठणाऱ्या क्षारांनी. तात्यांच्या मते ती दृष्ट लागून करपतात. म्हणून एका झावळीला काळा दोरा आहे. पिठ्या ढेकूण झाला तेव्हा मात्र त्यांनी मंत्र-तंत्राच्या भानगडीत न पडता कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं. माणूस भाविक आहे, पण ढेकूण म्हटलं की त्याची अंधश्रद्धा संपते.

आलेल्या माणसाला अमृतराव पाहिल्याशिवाय उठता येत नाही. याला तात्या परंपरेचा दाखला देतात आणि दाखला खरा आहे. 1824 च्या सप्टेंबरात बिशप हेबर काशीला आला, त्याच सुमारास अमृतराव पेशवे वारले. हेबरनं लिहून ठेवलंय की अमृतराव वर्षातून एकदा येईल त्या ब्राह्मणाला, आंधळ्या-पांगळ्याला वाडगाभर तांदूळ आणि एक रुपया द्यायचे. दान घेतलं की माणसाला बागेत नेऊन बसवायचे आणि दिवसभर बाहेर सोडायचे नाहीत, कारण तोच पुन्हा रांगेत उभा राहील. तात्यांकडे तांदूळ नाही, रुपया नाही, बाग एका कुंडीची. कोंडून ठेवण्याचा भाग तेवढा त्यांनी पुढे चालवला आहे.

या कोंडलेल्या वेळात ज्ञान मिळतं. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात एक बुटका पाम आहे, 1585 साली लावलेला. 1786 मध्ये तो जर्मन कवी गॅटेनं पाहिला, म्हणून त्याला गॅटेचा पाम म्हणतात. त्याच्यासाठी स्वतंत्र काचघर आहे. ‘‘आणि 1585 मध्ये काशीत काय झालं?’’ तात्या परीक्षकाच्या आवाजात विचारतात. पाहुणा गप्प. ‘‘पैठणच्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं! एकाच वर्षी!’’ या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण तात्या ते अशा अभिमानानं सांगतात की नारायणभट्टांनीच जाता जाता पादुआला एक रोप धाडलं असावं, असं वाटायला लागतं. त्यांचा लखनौचा पुतण्या शिकलेला. तो म्हणाला, ‘‘तात्या, यानं घरातली हवा शुद्ध होते. नासानं सिद्ध केलंय.’’ नासाचा तो अहवाल 1989 चा. त्यात बांबू पाम होता आणि प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 मध्ये दोघा अभ्यासकांनी हिशेब मांडला की साध्या घरात खिडकी-दारांतून जेवढी हवा पालटते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील. मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी दिवाणखाना पावलांनी मोजला, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, ‘‘मग आम्ही कुठे बसायचं?’’

सगळं असं बरं चाललेलं असताना औरस जन्मला.

घटस्थापनेच्या कलशावरचा नारळ काकूंनी कोठीत ठेवला आणि विसरल्या. पुढच्या श्रावणात कोठीतून तांदूळ काढताना किंचाळल्या. नारळाला वीतभर कोंब. ना कोणी पुरला, ना पाणी दिलं, ना विष्णुसहस्रनाम. चार माड ज्या घरात सेवेनं सुटले तिथे हा अंधारात, दुर्लक्षावर, वाढला होता.

इतिहास जाणणाऱ्याला इथे धस्स व्हावं. राघोबादादांनी अमृतरावांना दत्तक घेतलं आणि नंतर 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंना मुलगा झाला, दुसरा बाजीराव. औरस आल्यावर दत्तकाचं काय झालं, ते घाटाच्या दगडांना माहीत आहे. तात्यांनी नव्या रोपाचं नाव बाजीराव ठेवलं. दुसरं काही ठेवणं त्यांच्या मते इतिहासाशी बेइमानी झाली असती.

पेच एवढाच की पूर्वेची खिडकी एक. तात्या रक्ताकडे झुकले. काकू अमृतरावांच्या पक्षात. ‘‘इतकी वर्षं ज्यानं माना डोलावून तुमचं ऐकलं त्याला आता कोपऱ्यात ढकलणार?’’ घाटावरच्या मल्लाहानं मध्यम मार्ग सुचवला, ‘‘दोनों को रखिए तात्याजी, एक दिन ये, एक दिन वो।’’ म्हणून काही दिवस तो प्रयोग झाला. पामला रोजची हलवाहलव सोसत नाही. त्याहून कमी ती तात्यांच्या कमरेला सोसली. अखेर बाजीराव खिडकीत आणि अमृतराव चौकाच्या दाराशी, अशी व्यवस्था झाली. अमृतरावांची खालची झावळी पिवळी पडली. खालची जुनी पानं पिवळी पडतातच, त्यांच्यातलं सत्त्व झाड वरच्या नव्या पानांना देतं. काकूंनी मात्र ती पिवळी झावळी तात्यांच्या ताटासमोर आणून ठेवली आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

निकाल लावला तो होळकरांनी. 1802 मध्ये यशवंतरावांनी हडपसरापाशी पेशव्यांचा मोड केला तो दिवाळीत, 25 ऑक्टोबरला. इथेही दिवाळीच. आकाशकंदील बाहेर टांगायला पुतण्यानं खिडकीची जाळी सरकवली, आणि कंदिलाचा दोरा बांधेपर्यंत एक दांडगा हुप्प्या आत आला. त्यानं फराळाच्या डब्याकडे पाहिलं नाही. सरळ गादीकडे गेला आणि बाजीरावांची एक झावळी तोडून बाहेर बसून दात कोरू लागला. शेंडा वाचला. अमृतरावांच्या केसालाही धक्का नाही. चौकाच्या दाराशी होते ना.

त्यानंतरचं तर पुस्तकातच आहे. पुणे सोडून बाजीराव कुठे गेला? वसईला. तात्यांच्या बहिणीचा मुलगा वसईला राहतो. वाडीत घर आहे, विहीर आहे, दारात माड आहेत. तो देवदिवाळी पाहायला आला तेव्हा काकूंनी त्याला चहाबरोबर विषय दिला. तात्या रात्रभर खिडकीत बसले. सकाळी म्हणाले, ‘‘नेऊ दे. पण तह लेखी व्हायला हवा.’’

वसईचा दुसरा तह तात्यांच्या हस्ताक्षरात आहे, फुलस्केपवर. कलमं थोडी, पण एकही सैल नाही. दर पौर्णिमेला फोटो. रासायनिक खत नाही. शेजाऱ्याच्या म्हशीपासून संरक्षण भाच्याकडे. नाव बदलायचं नाही. पहिला नारळ काशीला. उंच जातीचा माड सहा-आठ वर्षांनी धरतो, तात्या चौऱ्याहत्तरचे. भाच्यानं सही करताना तेवढं मनातल्या मनात मोजलं आणि काही बोलला नाही. बाजीराव महानगरी एक्सप्रेसनं खालच्या बर्थखालून गेला, पोत्यात गुंडाळून. वाटेत माणिकपूर लागतं, तिथून कर्वी जवळच. गाडी तिथे पोचेल त्या वेळेला तात्यांनी इकडे अमृतरावांना पुन्हा खिडकीत बसवलं.

पावसाळ्यात फोन झाला. ‘‘कसा आहे?’’ ‘‘मामा, जोरात आहे. चार झावळ्या नव्या.’’ ‘‘पाणी?’’ ‘‘कोणी देत नाही. पाऊस आहे ना.’’ ‘‘झावळ्या पुसतोस?’’ पलीकडे बराच वेळ शांतता. तात्यांनी फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, ‘‘मुलगा उनाड निघणार.’’

इकडे अमृतरावांच्या बुडातून नवे धुमारे आले. एरिका एकखोडी नाही, तिचं बेट होतं. पहिल्या धुमाऱ्याचं नाव विनायकराव. कुंडी बदलली, मोठी आली, आणि झाड चढत्या भाजणीनं वाढू लागलं. मग तात्यांना कुठेतरी क्यूच्या बागेची हकिकत सापडली. लंडनमधल्या त्या बागेच्या काचघरात चिलीहून 1846 मध्ये आणलेल्या बियांपासून एक पाम वाढवला होता. वाढता वाढता तो छताच्या काचेला भिडला. पामचा शेंडा छाटता येत नाही, त्यामुळे अखेर झाडच तोडावं लागलं. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. मग बांबू घेऊन त्यांनी छत मोजलं. बारा फूट.

वरच्या मजल्यावर बंगाली बिऱ्हाड आहे, दोन पिढ्या शेजारी. त्यांना तात्यांनी रीतसर लेखी विनंती केली की भविष्यात आपल्या फरशीला सव्वा हात व्यासाचं भोक पाडावं लागेल, तरी संमती असावी. बाबूंनी सावकाश वाचून उत्तर दिलं: भोकाला हरकत नाही, झाड वर आलं तर आमची गृहिणीही त्याला पाणी घालील, मात्र त्या भोकातून खाली मासे तळल्याचा वास आला तर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

अर्ज सध्या काकूंकडे विचारार्थ पडून आहे.